तापला की स्टेरिंग जड! पंप बदलून झाला, आता ऑर्बिटल?

शीळकर · १८ जून, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर ४२ एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह, ११ वर्षं जुना, मीटरला ४,६०० तास. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतला. पावसाळ्यात घरच्या ३ एकर खाचरांची चिखलणी आणि बाकी वर्षभर पाण्याचा टँकर, शीळफाटा ते महापे पट्ट्यातल्या बांधकामांना.

दुखणं असं की सकाळची पहिली खेप झकास. एका बोटावर स्टेरिंग फिरतं. तासाभराने जड व्हायला लागतं, आणि तिसऱ्या खेपेला सीटवरून अर्धवट उठून दोन्ही हातांनी ओढावं लागतं. शीळफाट्याला मागे कंटेनर, पुढे रिक्षा, वर भरलेला टँकर, आणि स्टेरिंग ऐकत नाही. घाम फुटतो.

मेकॅनिकने बघितलं न बघितलं आणि सांगितलं, पंप गेला. नवीन पंप साडेसहा हजार, मजुरी वेगळी. त्यानंतर दोन दिवस टँकरचं काम नव्हतं, गावात इकडेतिकडे फिरवला तेव्हा वाटलं झालं काम. तिसऱ्या दिवशी टँकर लावला, पुन्हा तेच. आता तो म्हणतोय ऑर्बिटल (स्टेरिंगच्या खांबाखालचं युनिट) गेलं, १८ हजार तयार ठेवा.

मृग असाच गेला, आर्द्रा तोंडावर आहे. एकदा पाऊस धरला की चिखलणीला ट्रॅक्टर लागणारच. काय करू?

कोलमवाला_वाडा · १८ जून, रात्री १०.३१

आधी ऑइल बघा. आमच्याकडे दहातल्या सहा गाड्यांचं दुखणं ऑइलचंच निघतं. लेव्हल कमी, नाहीतर पावसाळ्याचं पाणी जाऊन ताकासारखं पांढरं झालेलं. आणि पुढच्या टायरात हवा किती आहे? हवा कमी असली तरी स्टेरिंग जड लागतं, माणूस उगाच पंपाच्या मागे लागतो.

(आम्ही वाड्याचे. २०१४ ला पालघर जिल्हा झाला तरी धाग्यावर ठाणेकरच समजा.)

टँकर_घोडबंदर · १८ जून, रात्री १०.४४

दादूस, ऑर्बिटलच हाय. डोळे झाकून सांगतो. गरम झाल्यावर जड म्हणजे आतून ऑइल सटकतंय. थंड ऑइल जाड असतं तोवर धरतं, पातळ झालं की सुटतं. माझ्या दोन गाड्यांना असंच झालेलं. नवीन टाक आणि मोकळा हो.

मोकळा_बैल · १८ जून, रात्री ११.०५

हेल्यांची जोडी आणा. ना पंप ना ऑर्बिटल. गरम झाली की स्वतःच डबक्यात जाऊन बसते.

शीळकर · १८ जून, रात्री ११.२०

@मोकळा_बैल आजोबांकडे होती. बाबा सांगतात एकदा डबक्यात बसली की संध्याकाळपर्यंत उठायची नाही. म्हणजे तीही तापल्यावर वळत नव्हतीच.

@कोलमवाला टायर ठीक आहेत, परवाच हवा भरली. ऑइल लेव्हल बरोबर, पांढरं नाही, जरा काळपट आहे. स्टेरिंगची टाकी वेगळी आहे, बॉनेटखाली, दोन लिटरच्या आसपास मावतं.

रबाळे_हायड्रोलिक · १९ जून, सकाळी ७.१५

३१ वर्षं हायड्रोलिकच्या कामात काढली, त्यातली बरीचशी रबाळे एमआयडीसीत. पोकलेन, जेसीबी, फोर्कलिफ्ट, ट्रॅक्टर, सगळं येतं. ऑर्बिटल मागवण्याआधी तीनचार गोष्टी सांगा. गाडी चांगली तापलेली आणि स्टेरिंग जड झालेलं असतानाच बघायचं, सकाळी थंड गाडीवर बघून उपयोग नाही.

टाकीचं झाकण काढल्यावर ऑइलवर फेस दिसतो का? स्टेरिंग फिरवताना पंपाकडून काही आवाज येतो का, आणि कसला? जड असताना रेस वाढवली तर हलकं होतं, तसंच राहतं की आणखी बिघडतं? आणि डावी-उजवी दोन्हीकडे सारखंच जड आहे का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नीट बघून उत्तर द्या.

काळूकाठची · १९ जून, सकाळी ८.४०

धागा वाचतेय. आमचं मुरबाडजवळ भात आहे, बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ट्रॅक्टर मीच चालवते. एक भीतीचा प्रश्न: चालत्या गाडीत पॉवर स्टेरिंग पूर्णच बंद पडलं तर स्टेरिंग लॉक होतं का? उतारावर असलो तर?

रबाळे_हायड्रोलिक · १९ जून, दुपारी १.३०

@काळूकाठची ताई, लॉक होत नाही. नीट समजून घ्या म्हणजे भीती जाईल. या प्रकारच्या स्टेरिंगमध्ये तुमच्या हातातलं चाक आणि पुढची चाकं यांच्यात लोखंडी नातं काहीच नसतं, मधे फक्त ऑइल. खांबाच्या खाली जे युनिट आहे, ज्याला सगळे ऑर्बिटल म्हणतात, त्यात एक व्हॉल्व्ह असतो आणि एक चांदणीसारखा गिअर. तुम्ही चाक जेवढं फिरवाल तेवढं मोजून ऑइल तो पुढची चाकं वळवणाऱ्या सिलिंडरच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला पाठवतो. जोर मात्र पंप देतो.

पंप बंद पडला, इंजिन बंद पडलं, तर तोच चांदणी-गिअर हातपंप होतो. आतला छोटा चेक व्हॉल्व्ह उघडतो, परतीचंच ऑइल पुन्हा ओढलं जातं आणि तुमच्या हाताच्या ताकदीने चाकं वळतात. खूप जड लागतं, पण वळतात. उतारावर असलात तर वेग आधी कमी करायचा, न्यूट्रल करायचं नाही.

मात्र सिलिंडरचा पाइपच फुटला तर ऑइल बाहेर जातं आणि मग हातपंपालाही काही सापडत नाही. म्हणून ते दोन पाइप दर पावसाळ्याआधी हात फिरवून बघा, इंजिन बंद असताना.

काळूकाठची · १९ जून, दुपारी १.५२

धन्यवाद काका. आज पहिल्यांदा कोणीतरी "तुम्ही कशाला चालवता" न विचारता उत्तर दिलं.

शीळकर · १९ जून, रात्री ९.०५

काका, आज चार खेपा झाल्यावर अंगणात उभा करून बघितलं. पोराला वर बसवलं आणि मी खाली.

फेस अजिबात नाही. आवाज आहे, "कुईं" असा, कुत्र्याच्या पिलासारखा, स्टेरिंग फिरवलं की वाढतो. रेस वाढवली तर हलकं होत नाही, उलट कुईं वाढते आणि स्टेरिंग झटके देत फिरतं. जड दोन्हीकडे आहे, उजवीकडे थोडं जास्त.

आणि मला अरे-तुरे करा, तुमच्या मुलाच्या वयाचा असेन.

टँकर_घोडबंदर · १९ जून, रात्री ९.२०

बोललो ना ऑर्बिटल.

रबाळे_हायड्रोलिक · १९ जून, रात्री १०.०२

नाही. निदान आत्ता तरी नाही. सांगतो का ते.

@टँकर_घोडबंदर तुझं म्हणणं चुकीचं नाही, पण ते दुसऱ्या दुखण्याचं आहे. पंप किंवा ऑर्बिटल आतून झिजलं की ऑइल आतल्या आत निसटतं, आणि गरम झाल्यावर जास्त निसटतं, हे खरं. पण ते दुखणं मुकं असतं. आवाज करत नाही. आणि त्यात रेस वाढवली की पंप जास्त ऑइल देतो, निसटून उरलेलं पुरतं आणि स्टेरिंग हलकं होतं. आयडलला (रेस न देता) जड, रेसला हलकं ही झिजलेल्या गाडीची खूण.

शीळकरची गाडी नेमकी उलटी वागतेय. रेस वाढवली की बिघडतं आणि ओरडतं. म्हणजे पंप उपाशी आहे. त्याला जेवढं ऑइल ओढायचंय तेवढं त्याच्यापर्यंत पोचत नाही. जितकी रेस वाढवाल तितका तो जास्त उपाशी राहणार आणि जास्त ओरडणार. तू नवीन पंप बसवलास, आता तोही उपाशीच बसलाय.

उपाशी राहण्याची कारणं दोन. एक, ओढताना हवा घुसते: क्लिप ढिली, ओ-रिंग कडक झालेली, पाइपला चीर. तसं असतं तर टाकीत फेस दिसला असता. फेस नाही म्हणतोस. मग दुसरं, वाट बंद आहे. टाकीच्या तळाशी जाळी असते ती तुंबली, किंवा टाकी ते पंप हा पाइप कुठेतरी दबला.

आता जाळी तुंबली असती तर सकाळी, ऑइल थंड आणि जाड असताना, जास्त त्रास झाला असता. तुझी गाडी सकाळी पोपटासारखी वळते. म्हणून माझा संशय पाइपवर. तो पाइप मूळ कंपनीचा आहे की कोणी बदललाय?

कोलमवाला_वाडा · १९ जून, रात्री १०.३०

हे वाचून मी माझ्या दोन जुन्या बिलांकडे बघतोय आणि गप्प बसतोय.

शीळकर · १९ जून, रात्री १०.४१

माहीत नाही काका. मी घेतला तेव्हापासून काळा रबरी पाइप आहे, दोन क्लिपांनी आवळलेला. मेकॅनिकने पंप बदलताना तोच परत लावला. म्हणाला पाइप चांगला आहे, कुठे फुटलेला नाही.

रबाळे_हायड्रोलिक · १९ जून, रात्री १०.५०

फुटलेला नसणारच. फुटला असता तर सापडला असता!

उद्या गाडी तापली की टॉर्च घेऊन तो पाइप बघ. इंजिन मध्यम रेसवर, पोरगा स्टेरिंग फिरवेल, तू फक्त बघायचं. हात लावायचा नाही, पंखा आणि बेल्ट जवळ आहेत. लुंगी नको, पँट घाल.

नवीन_सभासद_उरण · २० जून, सकाळी ६.५५

मला एकाने सांगितलं की स्टेरिंग टाकीत गिअरचं ९० नंबर ऑइल टाकलं की जड होणं थांबतं. जाड ऑइल सटकत नाही म्हणून. खरं का?

रबाळे_हायड्रोलिक · २० जून, सकाळी ७.३०

ज्याने सांगितलं त्याच्या गाडीत टाका. ऑइल कोणतं ते गाडीच्या पुस्तकात असतं. काहींना वेगळ्या टाकीत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), काहींना ६८ ग्रेडचं हायड्रोलिक ऑइल, काहींमध्ये स्टेरिंग आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच. जाड ऑइल पंपाला ओढायला जड. उपाशी पंपाला ते आणखी उपाशी ठेवतं.

टँकर_घोडबंदर · २० जून, सकाळी ८.१०

आता ऑइलचा विषय निघालाच हाय तर माझीच इज्जत काढतो. मागच्या वर्षी आमच्या ड्रायव्हरने स्टेरिंगच्या टाकीत ब्रेक ऑइल ओतलेलं. बाटली शेजारी होती, "ऑइल ते ऑइल". दोन आठवड्यांनी ऑर्बिटलच्या वरच्या सीलमधून गळायला लागलं, पाय ठेवायची पत्रा-प्लेट तेलकट. ऑर्बिटल खोललं तर सगळी सिलं फुगलेली, शेवयासारखी. पूर्ण किट टाकावं लागलं, सिलिंडरचंही.

त्यामुळे ऑर्बिटल ऑर्बिटल करणाऱ्यांत मी पुढे असतो. माझं त्याच्याशी जुनं वैर हाय.

रबाळे_हायड्रोलिक · २० जून, सकाळी ८.२५

बरोबर झालं. ब्रेक ऑइल हे खनिज तेल नाही, वेगळ्या जातीचं आहे. हायड्रोलिकच्या साध्या काळ्या रबराला ते चालत नाही, रबर फुगतं आणि मऊ होतं. चुकून ओतलं गेलंच तर इंजिन सुरू न करता आधी टाकी रिकामी करायची. एकदा फिरलं की सगळीकडे पोचलं.

शीळकर · २० जून, रात्री ८.४८

काका!!

सापडलं. तिसऱ्या खेपेनंतर बघितलं. स्टेरिंग सोडलेलं असताना पाइप गोल. पोराने फिरवायला सुरुवात केली की रेडिएटरच्या मागे जिथे तो वळतो तिथे चपटा होतो, आईस्क्रीम कपातला स्ट्रॉ जोरात ओढल्यावर होतो तसा. रेस वाढवली की पूर्ण चिकटतो. सोडलं की परत गोल. सकाळी थंड असताना बघितलं होतं तेव्हा हूं की चूं नाही, कडक उभा.

चार वर्षं मी याच पाइपावर चालवतोय?

रबाळे_हायड्रोलिक · २० जून, रात्री ९.१५

चार वर्षांपूर्वी रबर नवीन असेल, ताठ असेल. रोज तापून, ऑइल पिऊन मऊ झालं. आधीच्या मालकाने साधा पाण्याचा किंवा डिझेलचा पाइप लावला असणार, स्वस्तात. ओढणीच्या बाजूला, म्हणजे टाकी ते पंप, पाइप असा लागतो की ज्याच्या आत तारेचं वेटोळं असतं, म्हणजे आतून ओढलं तरी तो पोटात जात नाही. दाबाच्या बाजूचा पाइप बाहेर फुटू नये म्हणून मजबूत, ओढणीचा आत दबू नये म्हणून मजबूत. ही दोन वेगळी कामं आहेत, दुकानदार नेहमी सांगत नाहीत.

उद्या जुना पाइप काढून रबाळ्याला घेऊन ये, तेवढ्याच व्यासाचा आणि लांबीचा कापून देतो. तो काढलेला पंपही आण. आहे ना?

शीळकर · २० जून, रात्री ९.१८

आहे, गोठ्यात फळीवर. मेकॅनिक भंगारात देतो म्हणत होता, बाबांनी दिला नाही. बाबा काहीच टाकत नाहीत.

काळूकाठची · २० जून, रात्री ९.४०

तुमच्या बाबांना माझ्या बाबांशी भेटवायला हवं.

एक विचारू? आमच्या गाडीचं स्टेरिंग वळवून सोडलं की आपोआप सरळ येत नाही. कारचं येतं. हा बिघाड आहे का?

रबाळे_हायड्रोलिक · २० जून, रात्री ९.५५

बिघाड नाही. ट्रॅक्टरला साधारण जे युनिट असतं त्यात हात सोडला की व्हॉल्व्ह मधे येतो आणि सिलिंडरचं ऑइल दोन्हीकडून कोंडलं जातं. चाकं तिथेच थांबतात. बांधावर, दगडावर चाक आदळलं तरी झटका हातात येत नाही, तो याचाच फायदा. ज्यांनी जुने बिनपॉवरचे ट्रॅक्टर चालवलेत त्यांना विचारा, अंगठा कसा ठेवायचा ते.

कोलमवाला_वाडा · २१ जून, सकाळी १०.२०

अंगठ्यावरून आठवलं. आमच्या पलीकडच्या पाड्यात एकाने ऑर्बिटल घरीच खोललं, गोणपाटावर मांडून. सिलं बदलली, पुसून-बिसून परत जोडलं. इंजिन सुरू केलं मात्र, स्टेरिंग स्वतःच गरागरा फिरायला लागलं. अंगात आल्यासारखं. हा वर बसलेला, धरायला गेला तर अंगठा मुरगळला. लोकांनी नारळ फोडायची तयारी केलेली.

रबाळे_हायड्रोलिक · २१ जून, सकाळी ११.०५

नारळ नको, खूण जुळवायला हवी होती. आतल्या चांदणी-गिअरचा आणि व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या छोट्या शाफ्टचा एकमेकांशी मेळ ठरलेला असतो. एक दात जरी सरकला तरी ऑइल चुकीच्या वेळी चुकीच्या कप्प्यात जातं आणि स्टेरिंग युनिटची मोटार होते. खोलताना मार्कर पेनाने खुणा करायच्या, फोटो काढायचे, आणि जोडल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पुढची चाकं जॅकवर, जवळपास कोणी नाही, हात स्टेरिंगपासून लांब.

खरं सांगायचं तर ऑर्बिटल घरी खोलूच नये. धुळीचा एक कण पुरतो.

नवीन_सभासद_उरण · २१ जून, दुपारी २.१५

ऑर्बिटल खराब आहे की सिलिंडर, हे न खोलता कसं कळणार? माझ्या गाडीत स्टेरिंग टोकाला गेलं तरी हळूहळू फिरतच राहतं. आवाज नाही, काही नाही.

रबाळे_हायड्रोलिक · २१ जून, संध्याकाळी ६.४०

टोकाला गेल्यावर जोर लावला की थोडं सरकतं, तेवढं चालतं. पण आरामात फिरत राहत असेल तर ऑइल कुठूनतरी पलीकडे जातंय. इंजिन बंद करा, दाब उतरू द्या, युनिटवरून सिलिंडरकडे जाणारे दोन्ही पाइप सोडा आणि युनिटची ती दोन तोंडं योग्य आट्यांच्या स्टीलच्या प्लगने बंद करा. लाकडी खुंटी, कापूस असले प्रकार नकोत. मग इंजिन आयडलवर आणि स्टेरिंग फिरवून बघा. घट्ट धरलं तर युनिट चांगलं, सिलिंडरच्या आतलं सील गेलं. तरीही फिरत राहिलं तर दोष युनिटमध्ये.

आणि एक, कळकळीने: पंपाच्या तोंडावर थेट गेज लावून वाट बंद करू नका. बऱ्याच ट्रॅक्टरांत रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब जास्त झाला की उघडणारा, ऑर्बिटलच्या आत असतो. पंप आणि गेज यांच्यात काहीच नसेल तर दाब वाढतच जातो आणि पंप तरी फुटतो नाहीतर पाइप. गेज टी-जोड घालून लावायचा, ऑर्बिटल लाइनमध्येच ठेवून. स्टेरिंग टोकाला काही सेकंदच धरायचं, आकडा वाचायचा, सोडायचं. आकडा किती हवा ते त्या मॉडेलच्या पुस्तकात बघायचं, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा धरायचा नाही.

गळती शोधताना बोट फिरवायचं नाही. चालू गाडीत सुईएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडीत घुसतं. वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात जायची वेळ येते. माझ्या ओळखीच्या एका हेल्परची दोन बोटं अशी गेली. पुठ्ठा धरायचा, ऑइल पुठ्ठ्यावर उमटतं. लागलंच तर "बघू सकाळी" नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात, आणि डॉक्टरला सांगायचं की दाबाचं ऑइल घुसलंय.

शीळकर · २२ जून, रात्री ९.३०

हिशोब देतो.

काल रबाळ्याला गेलो. काकांनी जुना पाइप हातात घेतला, दोन बोटांत दाबला आणि हसले. आत बघितलं तर आतला थर सुटून लोंबत होता. नवीन तारेचा पाइप, दोन नवीन क्लिपा, सगळे मिळून साडेचारशे. जुना पंप त्यांनी टेस्टिंगच्या टेबलावर लावून बघितला, दाब व्यवस्थित धरतोय. माझे साडेसहा हजार आणि मजुरी.

घरी येऊन टाकीची जाळी धुतली, ऑइल नवीन टाकलं, रिटर्नचा फिल्टरही बदलला. पुढची चाकं जॅकवर घेऊन खाली ओंडके ठेवले, आयडलवर स्टेरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवलं, मधे मधे ऑइल भरलं. सुरुवातीला बुडबुडे आले, मग थांबले.

आज पाच खेपा. कुईं गेली. पाचव्या खेपेलाही हलकं!

पण उजवीकडे अजून जरा जड वाटतं. आधी सगळंच जड होतं तेव्हा हे लपलं होतं.

टँकर_घोडबंदर · २२ जून, रात्री ९.४२

साडेचारशे... मी काय बोलणार नाय आता.

काळूकाठची · २२ जून, रात्री १०.१०

दादा, किंगपिनला (ज्या पिनवर पुढचं चाक वळतं ती) ग्रीस कधी मारलंत? आमच्याकडे चिखलणीनंतर हमखास हे होतं. केजव्हील (चिखलणीची लोखंडी जाळीची चाकं) लावून गाडी चिखलात बुडते, पुढचा एक्सल पाण्यात, गाळ आत जातो आणि पिन सुकते. तुमचीही चिखलणीचीच गाडी.

बघायची पद्धत सोपी आहे, मला आमच्या गावच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने शिकवली. पुढची बाजू जॅकवर घ्या, सिलिंडरची दांडी आर्मपासून सोडा, दोन्ही चाकांना जोडणारा मधला टाय रॉडही सोडा, आणि एकेक चाक हाताने वळवा. एका हाताने वळलं पाहिजे. जे अडकतं त्याची पिन.

शीळकर · २२ जून, रात्री १०.१५

ग्रीस मारतो ना, दर महिन्याला.

काळूकाठची · २२ जून, रात्री १०.१७

निप्पलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) मारता की पिनला? ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर आलेलं बघितलंय का?

शीळकर · २२ जून, रात्री १०.२०

...उद्या सांगतो.

रबाळे_हायड्रोलिक · २३ जून, सकाळी ७.०५

ताईंचा प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडून यात एक भर. तुझ्या गाडीचा सिलिंडर एका बाजूला दांडी असलेला आहे. दांडीच्या बाजूला ऑइलला ढकलायला जागा कमी मिळते, म्हणून त्या दिशेला जोर मुळातच कमी असतो आणि स्टेरिंगचे फेरेही थोडे कमी लागतात. पिनीत अडथळा असला की तो आधी त्याच दिशेला जाणवतो. त्यामुळे उजवीकडे जड म्हणजे उजवीच पिन गेली असं धरू नकोस, दोन्ही बघ.

शीळकर · २३ जून, रात्री ८.२०

काळूकाठची ताई, दंडवत.

उजवं चाक एका हाताने वळलं. डावं दोन्ही हातांनी, आणि तेही कुरकुरत. डाव्या निप्पलला ग्रीसगन लावली तर ग्रीस निप्पलच्या बाजूनेच बाहेर. म्हणजे चार वर्षं मी मडगार्डखालच्या चिखलाला ग्रीस लावतोय. निप्पल काढलं, तर मागचं भोक वाळलेल्या मातीने गच्च. तारेने साफ केलं, डिझेल सोडलं, रात्रभर ठेवणार. उद्या नवीन निप्पल.

काळूकाठची · २३ जून, रात्री ८.३५

चाक हवेत असतानाच मारा, जमिनीवर वजन असलं की जिथे भार येतो तिथे ग्रीस जात नाही. वरून-खालून काळं ग्रीस बाहेर येईल, मग स्वच्छ येईपर्यंत मारत राहा. आणि चाक वर-खाली हलवून बघा, खेळ असेल तर बुश (पिनीभोवतीची नळी) गेलाय, मग नुसत्या ग्रीसने भागणार नाही.

शीळकर · २८ जून, रात्री १०.०५

उशीर झाला, पाऊस धरला आणि चिखलणी सुरू झाली.

बुशला खेळ होता, डावीकडचे दोन्ही बुश बदलले. पिन वाचली. तीनही एकर चिखलून झाले, एकदाही सीटवरून उठावं लागलं नाही. बाबा स्वतः चढून दोन फेऱ्या मारून आले, उतरल्यावर म्हणाले, "आता पोर चालवेल." पोर पंधराचा आहे, त्यामुळे नाही.

मेकॅनिकला पाइप दाखवला. म्हणाला, मी बघितला होता की, फुटलेला नव्हता. यावर मला काही बोलता आलं नाही.

लावणी परवापासून. कोणाला आवण (भाताची रोपं) कमी पडत असेल तर सांगा, आमच्या राबात जास्त आहे.

टँकर_घोडबंदर · २८ जून, रात्री १०.२२

आवण नको. तो जुना पंप विकणार का? माझ्या छोट्या गाडीला तोच बसतो, आणि तिचा खरोखर गेलाय. आयडलला जड, रेसला हलकं, आवाज नाय. तपासलं मी यावेळी.

शीळकर · २८ जून, रात्री १०.३०

बाबांना विचारावं लागेल. ते म्हणतात ठेवू, कधीतरी लागेल.

रबाळे_हायड्रोलिक · २९ जून, सकाळी ७.१०

@टँकर_घोडबंदर आधी तुझा ओढणीचा पाइप बघ.